गॉथिक हवंय? आधी ओलं फडकं घ्या

घर गॉथिक, म्हणजे युरोपातल्या जुन्या चर्चच्या वळणाचं, सजवायचं म्हणून मे महिन्यात हौसेने एक लोखंडी कँडल स्टँड आणला होता. कमरेएवढा उंच, वर तीन टोकदार कमानी. गणपतीच्या आवराआवरीत तो सरकवला तर खाली पांढऱ्या मार्बलवर चार तांबूस गोल. ते अजून तिथेच आहेत. मावशी लादी पुसता पुसता त्याच फडक्याने स्टँडचे पायही पुसायच्या. त्यांचं काहीच चुकलं नाही. हे ओल्या फडक्याने पुसता येतं का, हा एकच प्रश्न मी दुकानात विचारला नाही. आता पुन्हा खरेदीला निघायचंय, म्हणून लिहून ठेवते.

पहिलं काम पैसे न लागणारं. मुंबईच्या सीएसएमटी स्टेशनसमोर पाच मिनिटं उभं राहायचं. १८७८पासून दहा वर्षं खपून बांधलेली ही इमारत गॉथिक वळणाची आहे आणि काळी अजिबात नाही, पिवळट दगडाची आहे. नक्षीत पानं, पक्षी, प्राणी. त्यातली बरीचशी कोरली आजच्या जे. जे. स्कूलच्या तेव्हाच्या विद्यार्थ्यांनी. म्हणजे गॉथिकपणा आकारात असतो: टोकदार कमान, तीन-चार पाकळ्यांची जाळी, उंच निमुळत्या रेघा. हे कळलं की गॉथिक म्हणून विकले जाणारे कवटीचे मग आणि वटवाघळाच्या उशा आपोआप गळतात. (आई तर म्हणालीच होती, काळं संक्रांतीला नेसतात, भिंतीला नाही.) आकार हवा तो घ्या, पण वस्तू अशी घ्या की ओलं फडकं सोसेल.

लोखंड घ्यायचं तर पावडर कोटिंग केलेलं, म्हणजे रंगाची पूड भट्टीत भाजून चिकटवलेलं. नुसता काळा रंग मारलेला माल दुकानात तसाच दिसतो, म्हणून उलटा करून पाहा. पायाच्या तळाला आणि वेल्डिंगच्या जोडावर रंग पोचलेला नसतो, गंज तिथूनच धरतो. आधीच घेऊन बसला असाल तर घासून रेडऑक्साईडचा (गंज रोखणाऱ्या तांबड्या प्रायमरचा) हात, वर ऑइलपेंट, पायांना रबरी बूट, आणि हे सगळं जूनच्या आधी. डाग पडलाच तर मार्बलवर लिंबू चोळू नका. मी चोळलं. डाग राहिला आणि चकाकी गेली, कारण आम्ल संगमरवर खातं. गंमत म्हणजे बिडाचा तवा धुतला की गॅसवर कोरडा करून तेलाचं बोट फिरवायचं, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तेच लोखंड हॉलमध्ये आलं की अक्कल कुठे जाते कोण जाणे.

मेणबत्त्या विसरा. आपल्याकडे पंखा बंद करून किती वेळ बसणार? पंख्याखाली ज्योत फडफडते, मेण एकीकडे ओघळतं, छताला काजळी धरते. २७०० केल्विनचा पिवळट बल्ब लावा. पितळेची समई घरात असेलच, ती कोपऱ्यात ठेवून बघा. पितळ काळवंडतं, पण गंजत नाही आणि चिंचेने उजळतं.

आरसा हीच खरी घ्यायची वस्तू. कमानीच्या आकाराचा, पण चौकट साधी. बारीक नक्षीच्या खाचांत धूळ बसते, ओलं फडकं फिरलं की तिचा चिखल होतो, मग टूथब्रश घेऊन तुम्हीच बसा. वजनाचा हिशोब आधी करा: पाच मिलिमीटर काच चौरस मीटरला साडेबारा किलो भरते, म्हणजे दोन बाय चार फुटांचा आरसा चौकटीशिवायच नऊ किलोंच्या वर. भिंत सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांची) असेल तर साधा प्लग धरणार नाही, तिचे वेगळे फास्टनर येतात.

मखमल पॉलिस्टरची घ्या, चेन असलेले अभ्रे, मशीनमध्ये जातात. रेशमी किंवा रेयॉनची मखमल हाताला छान लागते, पण पाण्याचा थेंब पडला की लव दबून डाग राहतो. शिवाय पावसाळ्यात बुरशी. तिला ओलं फडकं लावूच नका, म्हणजेच तिला घरात आणू नका.

काळ्या ताटल्या चकचकीत ग्लेझच्या. मॅटवर स्टीलच्या चमच्याचे करडे ओरखडे उठतात आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके राहतात. सोनेरी काठ मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही.

पडदे: एकच खिडकी गडद, बाकी फिके, नाहीतर दुपारी बारालाही दिवे. बाथरूममध्ये लोखंड नको. भाव निम्म्यापासून सुरू करा. दाराची रुंदी मोजा. लिफ्टचीही.

आणि पिशवीत पांढरं सुती फडकं, सोबत पाण्याची बाटली. चोरबाजारात असो की मॉलमध्ये, पैसे देण्याआधी फडकं ओलं करून वस्तूच्या तळाला घासा. काळं किंवा तांबूस उतरलं तर ठेवून द्या. दुकानदार बघत राहील. बघू दे, लादी त्याची नाही.