जास्त टॉर्कसाठी मॅन्युअल गिअरबॉक्स मजबूत करायचाय? गिअर सेट सगळ्यात शेवटी घ्या

टर्बो लावला, ट्यून केलं, गाडी मस्त पळायला लागली, आणि मग एक दिवस थर्डला पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की खाड्कन आवाज, इंजिन नुसतंच ओरडतंय आणि गाडी पुढे जायचं नाव घेत नाही. असं झालं की बहुतेक जण लगेच महागडा गिअर सेट शोधायला लागतात. थांबा जरा. आधी शाफ्ट जागेवर धरून ठेवा, मग बॉक्सला बसणारा झटका कमी करा, आणि गिअर सेट नवीन घ्यायचं त्यानंतर बघा.

एक गोष्ट डोक्यात पक्की पाहिजे, बॉक्स तोडतो तो टॉर्क (म्हणजे शाफ्ट फिरवणारा पिळाचा जोर), हॉर्सपॉवर नाही. 300 हॉर्सपॉवर 7000 आरपीएमला मिळत असतील तर तिथे टॉर्क साधारण 305 न्यूटन मीटर असतो, तेवढेच 4000 ला मिळत असतील तर 534 च्या आसपास. म्हणून कमी आरपीएमपासूनच भरपूर बूस्ट (हवेचा दाब) देणारा छोटा टर्बो बॉक्सचे जास्त हाल करतो.

आता तुटतं कसं ते बघा. रोजच्या गाडीत गिअरचे दात तिरके असतात, त्यामुळे आवाज कमी येतो, पण लोड आला की ते शाफ्टला लांबीच्या दिशेनेही ढकलतात आणि दोन्ही शाफ्टना एकमेकांपासून लांबही सारतात. ॲल्युमिनियमची केसिंग थोडी फाकते, शाफ्ट मधोमध किंचित वाकतो, आणि जो लोड पूर्ण दातावर पसरायला हवा तो दाताच्या एका टोकावर येतो. बेअरिंगपासून लांब असलेल्या गिअरला हा त्रास जास्त.

बॉक्स खोलला की तुटलेला दात फेकू नका, उजेडात धरून नीट बघा. तुटलेल्या जागेवर मुळाशी गुळगुळीत भाग आणि त्यावर शिंपल्यासारख्या बारीक कमानी दिसल्या तर तडा आधीपासून हळूहळू वाढत होता. सगळी जागा खरखरीत, दाणेदार असेल तर एकाच झटक्यात गेलाय. पहिल्या केसमध्ये शाफ्टचा आधार आणि दाताची ताकद बघायची, दुसऱ्यात क्लच आणि चालवायची पद्धत.

आधारासाठी तुमच्या बॉक्सला बेअरिंग जागेवर धरून ठेवणारी जाड रिटेनर प्लेट किंवा सपोर्ट प्लेट मिळत असेल तर ती आधी घ्या, बेअरिंग सगळे नवीन टाका, आणि शिम (फट भरायच्या पातळ चकत्या) अंदाजाने बसवू नका. शाफ्टच्या टोकाला डायल गेज लावा, शाफ्ट पुढे-मागे हलवा, प्ले (मोकळी हालचाल) मोजा, मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळेपर्यंत शिम बदला. कंटाळवाणं काम आहे, माझा तर अख्खा दिवस यात जातो, पण बॉक्सचं आयुष्य इथेच ठरतं असं मला अगदी मनापासून वाटतं. टेपर रोलर बेअरिंग असतील तर अजून काळजी घ्या, कारण ॲल्युमिनियमची केसिंग गरम झाल्यावर स्टीलच्या शाफ्टपेक्षा जास्त फुगते आणि थंड असताना दिलेला प्रीलोड (बेअरिंगवर आधीच ठेवलेला दाब) कमी होतो. बेअरिंग ठोकून घालू नका, साधारण 100 अंशांपर्यंत गरम करा, अलगद बसतो. ज्योत मात्र थेट मारायची नाही.

ओरिजिनल गिअर चांगले असतील तर त्यांना शॉट पीनिंग करून घ्या. दाताच्या मुळाशी बारीक छर्रे मारून पृष्ठभाग दाबला जातो आणि तडा सहज उघडत नाही. बेअरिंगच्या जागा आणि सिंक्रोचे (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या रिंगांचे) शंकूसारखे भाग झाकून घ्यायला सांगा. एवढं करूनही पुरत नसेल तर मग सरळ दातांचा सेट. सरळ दात असले म्हणून आपोआप मजबूत असं नसतं बरं का, ताकद येते ती रुंद दातांतून आणि चांगल्या स्टीलमधून, आणि लांबीच्या दिशेचा ढकलाच राहत नाही हा मोठा फायदा. पण आवाज प्रचंड, रोजच्या गाडीत महिनाभर ऐकून बघा म्हणजे कळेल.

क्लच टॉर्कपेक्षा थोडा वरचा घ्या, दुप्पट नको. स्प्रिंगवाली प्लेटच ठेवा, कडक पक (घर्षणाचे तुकडे) असलेली, स्प्रिंग नसलेली सॉलिड प्लेट पकडते जबरदस्त पण सगळा झटका थेट दातांवर जातो. इंजिन माउंट सैल असतील तर बदला. ट्यूनमध्ये फर्स्ट-सेकंडला बूस्ट कमी ठेवता येत असेल तर नक्की ठेवा, तसंही तिथे टायर नुसतेच फिरतात. आणि लीव्हरवर हात ठेवून चालवायची सवय सोडा, फोर्क (आतून गिअर सरकवणारा काटा) घासत राहतो.

ऑइल बॉक्सला सांगितलंय तेच. सिंक्रो पितळेचे असतील आणि जीएल-4 (गिअर ऑइलचा एक दर्जा) सांगितलं असेल तर "जाड म्हणजे चांगलं" म्हणून जीएल-5 ओतू नका, त्यातल्या जास्तीच्या सल्फरवाल्या ॲडिटिव्हने पितळ खराब होऊ शकतं. ट्रॅकवर सलग पळवणार असाल तर पंप आणि कूलर लावा.

बांधून झाल्यावर पहिले 800 किलोमीटर सावकाश चालवा, मग ऑइल काढा आणि ड्रेन प्लगचं मॅग्नेट बोटाने पुसून बघा. राखाडी मऊ पेस्ट असेल तर ठीक, नवीन पार्ट थोडे घासतातच. बोटाला टोचणारा कीस किंवा चकचकीत तुकडा लागला तर तिथेच थांबा, नवीन ऑइल न भरता बॉक्स परत उतरवा.