बॅगेच्या टॅगवर नाशिकचा पत्ता कशाला?

परदेश प्रवासात चुकलेली बॅग नाशिकला नाही, तुम्ही जिथे उतरलात तिथे पोचायला हवी. तरी बऱ्याच टॅगवर गंगापूर रोडचा फ्लॅट नंबरासकट पत्ता असतो. तिकडे बसलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही, आणि इकडे घराला कुलूप आहे हे मात्र जगजाहीर होतं. टॅगवर पासपोर्टप्रमाणे नाव-आडनाव, ई-मेल आणि परदेशात चालू असेल असा नंबर, एवढंच पुरे. इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, बॉलपेननं लिहा; जेल पेनची शाई ओल लागली की पसरते. रोमिंग घेणार नसाल तर तिथल्या नातेवाइकाचा नंबर टाका. भारतातला नंबर +91 लावूनच लिहायचा. लँडलाइन असेल तर 0253 मधला शून्य गाळून +91 253.

बाहेरचा टॅग विमानतळाच्या सरकत्या पट्ट्यावर तुटू शकतो. म्हणून तोच मजकूर एका कार्डावर लिहून बॅगेत कपड्यांच्या वर ठेवा, तळाशी नको. त्यावर फ्लाइट नंबर आणि कोणत्या तारखेला कुठलं हॉटेल हेही हवं. टूरमध्ये मुक्काम बदलतो, बॅग मागून येत राहते.

जुन्या प्रवासाचे टॅग सोलून काढा, कडेला चिकटलेले छोटे बारकोडही. स्कॅनरनं जुना कोड वाचला तर बॅग वेगळी काढून हातानं तपासावी लागते. टूर कंपनीनं सगळ्यांना सारख्याच बॅगा दिल्या असतील तर हँडलला जुन्या साडीच्या काठाची पट्टी घट्ट शिवून टाका. लोंबती रिबन नको, ती पट्ट्यात अडकते. निघायच्या आदल्या रात्री बॅगेचे दोन फोटो काढा, एक बंद आणि एक उघडी. हरवल्यावर ‘काळी, मध्यम’ एवढ्या वर्णनात निम्मा पट्टा बसतो.

मुंबईच्या काउंटरवर पावती हातात आली की तिच्यावरचा तीन अक्षरी कोड शेवटच्या मुक्कामाचा आहे ना, ते तिथेच पाहा. अमेरिकेला पुढचं विमान असलं तरी बहुतेक वेळा पहिल्याच विमानतळावर बॅग घेऊन पुन्हा द्यावी लागते. ही पावती फेकू नका. बॅग आलीच नाही तर बाहेर पडण्याआधी एअरलाइनच्या बॅगेज काउंटरवर पीआयआर हा तक्रारीचा फॉर्म भरून त्याचा क्रमांक घ्या. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या माँट्रियल करारानुसार लेखी तक्रारीची मुदत बॅग फुटली असेल तर ती मिळाल्यापासून 7 दिवस आणि उशिरा आली असेल तर 21 दिवस.

आता माणसांचं. सगळे नंबर फोनमध्येच असतात आणि फोन चोरीला गेला की काही आठवत नाही, म्हणून कागद लागतो. पाकिटात एक, केबिन बॅगेत एक. त्यावर घरचे दोन नंबर, तिथल्या माणसाचा एक, त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा आपत्कालीन नंबर, विमा पॉलिसीचा क्रमांक आणि विमा कंपनीचा मदत नंबर. शिवाय स्थानिक नंबर: युरोपात 112, अमेरिकेत 911, दुबईत पोलिसांसाठी 999, रुग्णवाहिकेसाठी 998. रक्तगट, ॲलर्जी आणि रोजच्या औषधांची जेनेरिक नावं लिहा, कारण इथला ब्रँड तिकडच्या डॉक्टरला ठाऊक असेलच असं नाही. हीच माहिती फोनच्या लॉक स्क्रीनवरच्या इमर्जन्सी भागात भरली की फोन न उघडता दिसते.

घरचा माणूस निवडताना मोठेपणा पाहू नका, रात्री फोन कोण उचलतो ते पाहा. न्यूयॉर्कला दुपारचे चार वाजतात तेव्हा नाशिकला मध्यरात्र उलटलेली असते. त्यात हल्ली +1 किंवा +44 दिसलं की फ्रॉड समजून फोन कापतात, आणि ते बरोबरच आहे. म्हणून तिथल्या नातेवाइकाचा आणि हॉटेलचा नंबर घरच्या माणसाच्या फोनमध्ये नावानं सेव्ह करून द्या, रात्री तो सायलेंटवर जात असेल तर या नंबरांना सूट द्या, आणि निघण्याआधी नातेवाइकाला तिकडून एक फोन करायला सांगून घंटी वाजते का ते तपासा.