वर्षअखेरीची घरगुती नोंदवही कशी लिहावी

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वर्षभर घरात काय वाचले आणि पाहिले, याची नोंद आईने एका जाड वहीत करावी. सुरुवात पुस्तकांपासून करावी. नुसते नाव व लेखक लिहून भागत नाही. ते कोणी कोणाला वाचून दाखवले, मुलांनी कोणते पान पुन्हा वाचायला लावले आणि कोणते पुस्तक अर्ध्यावर राहिले, हेही लिहावे, कारण पुढच्या वर्षीची खरेदी त्यावरूनच ठरवणे सोपे जाते. दिवाळी अंकांना स्वतंत्र पान द्यावे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केलेली ही परंपरा आपल्या घरात अजून टिकून आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो. आवडलेल्या कथेचा पृष्ठक्रमांक टिपावा, म्हणजे अंक रद्दीत जाण्यापूर्वी ती पाने काढून ठेवता येतात. नाटक-सिनेमाची तिकिटे चिकटवावीत. मात्र थर्मल कागदावरची छपाई कालांतराने पुसट होते, म्हणून तारीख व नाट्यगृहाचे नाव शेजारी पेनाने लिहावे. घरातले प्रसंग मुलांकडून त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावेत आणि त्यांचे शुद्धलेखन सुधारू नये. आजीला लिहिणे जमत नसेल, तर तिने सांगितलेले मोठ्या नातवंडाने उतरवून घ्यावे.