दोघांनी गाडी काढून समुद्राला जायचंय? आधी भरतीची वेळ बघा

हॉटेल शोधायच्या आधी, रजा टाकायच्याही आधी एक काम करा, जिथे जायचंय तिथलं त्या दोन दिवसांचं भरती-ओहोटीचं टेबल उघडून बघा. बहुतेक लोक रूमचे फोटो बघण्यात अख्खी संध्याकाळ घालवतात आणि पोचल्यावर कळतं की फोटोतला तो रुंद बीच सध्या पाण्याखाली आहे आणि परत दिसेल तेव्हा आपली निघायची वेळ झालेली असेल. मोठ्या सुट्टीत हे चालून जातं, उद्या आहे परवा आहे, पण दोन दिवस एक रात्र असा हिशोब असला की समुद्रावर उजेडातले मोजके तास हातात राहतात आणि ते नेमके कुठले तास, यावरच ट्रिप कशी होणार ते ठरतं.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोनदा भरती येते, दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून उद्याची भरती आजच्यापेक्षा पन्नासेक मिनिटं उशिरा. शनिवारी सकाळी ११ ला पाणी भरलं तर रविवारी पावणेबाराच्या पुढे. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाण, पाणी खूप वर चढतं आणि ओहोटीला तितकंच लांब जातं, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी. टेबलात वेळेसोबत मीटरचा आकडा असतो तोही वाचा, कारण भूमध्य समुद्राकाठी बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटी नावालाच असते आणि कॅनडात फंडीच्या उपसागरात हाच फरक १६ मीटरपर्यंत जातो.

आणि हे तर लिहूनच ठेवा, पाणी एकसारख्या स्पीडने चढत नाही. सहा तासांचा चढ धरला तर पहिल्या तासात साधारण बारापैकी एक भाग पाणी येतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी चढतं. पहिला तास बघून वाटतं की काही नाही, हळूहळू येतंय, बसू अजून थोडं, आणि मग खडकांवरून चालत जिकडे आलो तो रस्ताच गायब. खडकात फिरायचं असेल किंवा ओहोटीला चालत जाता येतं अशा टोकाला जायचं असेल तर ओहोटीच्या तास-दीड तास आधी निघायचं आणि ओहोटीची वेळ झाली की मागे वळायचं, फोटो राहिले तर राहिले.

आता किती लांब जायचं. माझं मत स्पष्ट आहे, एका रात्रीसाठी एका बाजूला चार तासांपेक्षा जास्त ड्रायव्हिंग नको. मॅप जो वेळ दाखवतो त्यात चहा, पेट्रोल, बाथरूम यातलं काहीच नसतं, त्यामुळे चार म्हटलं की साडेपाच होतातच. समुद्राकाठच्या गावात जायला बरेचदा एकच रस्ता असतो आणि सुट्टीच्या दिवशी सगळी गर्दी त्याच तोंडाशी येऊन अडकते, म्हणून पहाटे निघा पण रात्री दोनला वगैरे नको. मध्यरात्रीनंतर ते सकाळी सहापर्यंत आणि दुपारी दोन ते चार, या वेळी शरीरालाच झोप हवी असते, तिथे हिंमत दाखवून उपयोग नाही. रात्री लवकर झोपून सहाच्या सुमाराला निघणं बरं. अजून एक गोष्ट लोक बघतच नाहीत ती म्हणजे सूर्य कुठे असेल. सकाळी पूर्वेला किंवा संध्याकाळी पश्चिमेला तोंड करून गाडी चालवायची असेल तर तास-दीड तास ऊन थेट डोळ्यात येतं, तेव्हा काच आतूनही पुसून घ्या, आतल्या धुरकट थरानेच सगळं पांढरं दिसतं.

गाडीचं जास्त लांबवत नाही. टायरमधली हवा गाडी थंड असताना चेक करायची, चालवून टायर गरम झाले की आकडा जास्त दाखवतो. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं, टायरवर जो आकडा छापलेला असतो तो त्या टायरची कमाल मर्यादा, तेवढी भरायची नसते. स्टेपनीत हवा आहे का, जॅक आणि पाना डिकीत आहे का आणि दोघांपैकी एकाला तरी चाक बदलता येतं का, हे घरूनच बघा. टाकी गावात शिरायच्या आधी भरून घ्या, इलेक्ट्रिक गाडी असेल तर चार्जर कुठे कुठे आहेत ते आधी बघा आणि एकाच चार्जरच्या भरवशावर जाऊ नका.

खरं काम बाजूच्या सीटवरच्याचं असतं, आणि दोघांच्या ट्रिपमध्ये सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. चारपाच जण असले की कोणीतरी जागं असतं, कोणीतरी मॅप बघतं, इथे दोनच माणसं, त्यातलं एक झोपलं की ड्रायव्हर एकटाच. शेजारचा घोरायला लागला की आपल्यालाही जड व्हायला लागतं हे ज्याने गाडी चालवलीये त्याला सांगायला नको. ताशी ९० ने गाडी सेकंदाला २५ मीटर जाते, चार सेकंद डोळा लागला तर १०० मीटर गाडी कोणीच चालवत नव्हतं, एवढा हिशोब डोक्यात असला तरी पुरे. म्हणून बाजूच्याला झोपायचंच असेल तर गाडी थांबवून दोघांनी झोपा, १५-२० मिनिटं पुरतात, आणि डुलकीच्या आधी कॉफी घेतली तर अजून छान, कारण कॅफीन लागू व्हायला साधारण अर्धा तास जातो, उठेपर्यंत ते कामाला लागलेलं असतं. एरवीसुद्धा दर दोन तासांनी थांबून पाय मोकळे करायचेच. दोघांनाही चालवता येत असेल तर दमल्यावर नाही, आधी ठरलेल्या वेळेला सीट बदला, कारण दमलेला माणूस कधीच मान्य करत नाही की तो दमलाय. आणि इन्शुरन्स दुसऱ्याने चालवलं तर लागू आहे ना ते बघून ठेवा, भाड्याची गाडी असेल तर दोघांची नावं लिहून घ्या.

शेजारच्याकडे मॅप, फोन, मेसेजला रिप्लाय, टोलचे पैसे, पाण्याची बाटली उघडून देणं हे सगळं. वळण सांगायचं ते वेळेवर सांगायचं, "अरे, ते मागे गेलं ते आपलं होतं" याचा काही उपयोग नसतो. मॅप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवायचं कामही त्याचंच, किनाऱ्याच्या घाटवळणांत रेंज जाते. एक गोष्ट मात्र करायची नाही, ड्रायव्हरच्या प्रत्येक ब्रेकवर कॉमेंट. भीती वाटत असेल तर एकदाच नीट सांगा की हळू चालव, आणि ड्रायव्हरनेही त्यावर वाद न घालता हळू चालवावं, भीती शेजारच्याला वाटतेय म्हणजे ती खरी आहे. गप्पा संपल्या तर संपू द्या, दोन तास शांत बसता येणं हे चांगलंच लक्षण आहे.

निघायच्या आधी दोघांनी एकेक गोष्ट सांगायची जी झालीच पाहिजे. एकच. एकाला सूर्योदय बघायचाय, दुसऱ्याला दुपारपर्यंत लोळायचंय, असं काहीही असू दे, या दोन गोष्टी भरतीच्या टेबलावर बसवा आणि बाकीचं मोकळं सोडा. सूर्यास्त ज्याच्या यादीत आहे त्याने किनारा कुठल्या दिशेला उघडतो ते बघून घ्या, पूर्वेकडच्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून वर येतो, बुडतो तो गावामागे. सूर्य बुडायला किती वेळ आहे ते बघायला हात लांब करून क्षितिज आणि सूर्य यांच्यात किती बोटं आडवी बसतात ते मोजा, एक बोट म्हणजे अंदाजे पंधरा मिनिटं. पैशांचं पण तसंच, निघतानाच दोघांनी सारखी रक्कम एका पाकिटात किंवा एका अकाउंटला टाका आणि सगळा खर्च त्यातून करा. रूमसाठी एक सल्ला, अगदी पाण्यासमोरची रूम महाग असते आणि रात्रभर माणसांचा आवाजही तिथेच जास्त, एक गल्ली मागे राहिलं तरी चालत पाच मिनिटंच लागतात, फक्त पार्किंग आहे का ते फोन करून विचारा, नुसत्या वेबसाइटवर विश्वास ठेवू नका.

पाण्यात उतरण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो. आधी दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघायचं. लाटा सगळीकडे फुटतायत आणि मधल्याच एका पट्ट्यात फुटत नाहीयेत, पाणी गडद दिसतंय, फेस आणि वाळू बाहेर चाललीये, तर नवख्याला वाटतं की ही शांत जागा, इथेच उतरू. नेमका तोच रिप करंट असतो, किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथून परत समुद्रात जातं, आणि जोरात असला तर सेकंदाला दोन मीटरपर्यंत, चांगला पट्टीचा पोहणाराही त्याच्या उलट टिकत नाही. तो खाली ओढत नाही, बाहेर ओढतो, हा फरक लक्षात ठेवा, म्हणजे तरंगत राहिलात तर वेळ मिळतो. किनाऱ्याकडे झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्यातून बाहेर पडायचं आणि मग लाटांसोबत परत यायचं, तेही जमत नसेल तर पाठीवर तरंगत हात वर करून ओरडायचं.

आणि दोघंच असाल तर हे आधी बोलून ठेवा की एक अडकला तर दुसऱ्याने तसंच उडी मारायची नाही. वाचवायला गेलेलाच बुडतो असं बरेचदा होतं. लाइफगार्डला हाक मारायची, काहीतरी तरंगणारं फेकायचं, रिकामी झाकण लावलेली मोठी बाटली, ट्यूब, मिळेल ते, आणि नजर त्या माणसावरून हलवायची नाही. लाइफगार्ड असलेल्या बऱ्याच बीचवर लाल-पिवळे झेंडे लावतात, त्या दोन झेंड्यांच्या मध्येच पोहायचं, नुसता लाल झेंडा असेल तर उतरायचं नाही. वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल तर हवेच्या गादीवर किंवा ट्यूबवर बसायचं नाही, पाणी अगदी सपाट दिसतं आणि तुम्ही आरामात लांब जाता. दारू पिऊन पाण्यात, हे तर नाहीच.

एरवी किनाऱ्यावर दुपारी वारा उलटा असतो, जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते म्हणून समुद्राकडून वारा सुटतो, आणि तो सोबत वाळू आणतो, त्यामुळे वाळूवर बसून काही खायचं असेल तर सकाळीच. सनस्क्रीन उन्हात जायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, मग दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आलात की परत. एसपीएफ ३० आणि ५० यात फरक एका टक्क्याच्या आसपास, त्वचा भाजणारे किरण साधारण ९७ आणि ९८ टक्के अडतात, खरा फरक किती जाड आणि किती वेळा लावता त्याने पडतो. पातळ ढग असले तरी लावायचं. पाठीला एकमेकांनी लावा, दोघं असण्याचा हा सरळ फायदा.

गाडीची चावी घेऊन पाण्यात जाऊ नका, रिमोटची चावी खाऱ्या पाण्याने मरते आणि मग घरी जायचीच पंचाईत. आळीपाळीने उतरा, बाहेर बसलेल्याकडे चावी, दोन्ही फोन आणि कोरडे कपडे. गाडी वाळूवर न्यायचीच नाही, ओली वाळू कडक वाटते, चाक एकदा फिरलं की रुततं आणि मग ते भरतीचं टेबल आहेच. पुळणीवर रुतलेल्या गाडीला बघायला जमणारी गर्दी मात्र फुकट मिळते.

परत निघायची वेळ आदल्या रात्रीच ठरवा, एकतर जेवणाच्या आधी निघा नाहीतर सगळी गर्दी गेल्यावर, मधल्या वेळेत निघालात तर अर्धी दुपार त्या एकाच रस्त्यावर. उन्हात आणि पाण्यात दिवस काढल्यावर माणूस वाटतो त्यापेक्षा जास्त दमलेला असतो, त्यामुळे येताना जितके ब्रेक घेतले त्यापेक्षा एखादा जास्त घ्या आणि पाणी पीत राहा. घरी आल्यावर गाडी दोन-तीन दिवसांत गोड्या पाण्याने धुवा, वरून नाही तर खालून, चाकांच्या कमानी, सायलेन्सरची बाजू, कारण मीठ हवेतली ओल धरून ठेवतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. मॅट काढून झटका, सीटच्या रुळांमधली वाळू व्हॅक्यूमने ओढून घ्या, नाहीतर सीट मागेपुढे करताना करकरत राहते. पाकिटात पैसे उरले असतील तर धुण्याचा खर्च त्यातूनच.