बीएसडब्ल्यूचं फिल्डवर्क : सुपासमोर बसायचं कसं

बीएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदवीला, प्रवेश घ्यायचाय म्हणून आमच्या गल्लीतल्या दोन मुली परवा घरी आल्या होत्या. त्यांना जे सांगितलं तेच इथं लिहिते.

प्रवेशाला बारावीची शाखा आडवी येत नाही, कला असो की विज्ञान. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आधीच काढा, बँक खातं आधारला जोडून घ्या. आई विडी कामगार असेल तर तिचं ओळखपत्र शोधून ठेवा. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे, अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायचा. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात कितीतरी घरांत ते ओळखपत्र पेटीच्या तळाशी पडून असतं आणि पोरगी फीसाठी शिक्षण सोडते. याचं मला फार वाईट वाटतं.

वर्गातला अभ्यास अवघड नाही. केसवर्क (एका व्यक्तीबरोबरचं काम), ग्रुपवर्क (गटाबरोबरचं), समुदाय संघटन (अख्ख्या वस्तीबरोबरचं) या पद्धती नोट्स काढून पाठ होतात. खरी पदवी फिल्डवर्कमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वस्तीत जाऊन केलेल्या कामात मिळते. साधारणपणे आठवड्यातले दोन दिवस त्यासाठी असतात.

मला पहिल्या वर्षी कुंभारीजवळचं विडी घरकुल, म्हणजे विडी कामगारांची वसाहत, मिळालं. मी छापील प्रश्नावली घेऊन गेले. एका अक्कांनी माझ्यासाठी मांडीवरचं सूप खाली ठेवलं आणि अर्धा तास सगळी उत्तरं दिली. मजुरी मिळते हजार विड्यांच्या हिशेबानं. माझी आईही विड्याच वळते, तरी त्या अर्ध्या तासात अक्कांच्या किती विड्या राहिल्या हे मला घरी आल्यावर सुचलं.

म्हणून पहिला नियम : हात थांबवायचे नाहीत. माल द्यायला बायका कारखान्यात जातात, ती वेळ आधी विचारून घ्या. त्या परत येऊन सूप मांडीवर घेतील तेव्हा शेजारी बसा. येत असेल तर पानं कापू लागा. तेलुगू येत असेल तर तेलुगूतच बोला. छाट किती निघाली, एवढा एक प्रश्न पुरतो. नापास झालेल्या विड्यांवरून मजुरी, कर्ज, मुलीचं लग्न, पाठदुखी, सगळं आपोआप निघतं.

सेटलमेंट भाग, म्हणजे इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना जिथं डांबून ठेवलं ती वस्ती, मिळाला तर आधी इतिहास वाचा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमातींवर शिक्का मारला, तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. तारेच्या कुंपणात रोज हजेरी देणाऱ्यांची नातवंडं तिथं राहतात. पहिल्याच भेटीत वही काढून नावं लिहायला लागलात तर घर गप्प होईल, आणि त्यात त्यांची चूक नाही.

वही घरी येऊन लिहायची, त्याच रात्री. पान उभं दुभागा. डावीकडे जे पाहिलं-ऐकलं ते, शक्य तितकं त्यांच्याच शब्दांत. उजवीकडे मला काय वाटलं ते. ‘कुटुंब अज्ञानी आहे’ असं मी एकदा डावीकडे लिहिलं होतं. मॅडमनी त्याखाली लाल पेनानं विचारलं, ‘हे कुणी सांगितलं?’ ती चर्चा मला अख्ख्या सेमिस्टरपेक्षा जास्त शिकवून गेली. वहीत खरी नावं लिहू नका, ती बऱ्याच हातांत जाते. तोंडी परीक्षेतही प्रश्न वहीवरूनच येतात, त्यामुळे मैत्रिणीची उतरवली असेल तर दुसऱ्याच प्रश्नाला अडकाल.

काहीही कबूल करू नका. घर मिळवून देते, पेन्शन करून देते, असं तोंडातून जाऊ देऊ नका. अर्ज कुठं करायचा ते शोधा, त्यांना बरोबर घेऊन जा, रांगेत उभ्या राहा. अर्जावर सही किंवा अंगठा त्यांचाच.

आणि आपण किती महिने येणार, हे पहिल्याच दिवशी सांगा. मी सांगितलं नव्हतं. शेवटच्या भेटीत अक्कांनी दारापर्यंत येऊन विचारलं, ‘मळ्ळी एप्पुडु वस्तावम्मा?’ पुन्हा कधी येशील? त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.