कायदा रद्द झाला तरी जुना गुन्हा सुटत नाही: सागरी प्रदूषणाच्या खटल्यात या चुका टाळा

‘एमएससी एल्सा 3’ हे जहाज 25 मे 2025 रोजी केरळसमोरच्या समुद्रात 640 कंटेनरांसह बुडालं, तेव्हा जहाज वाहतुकीसाठीचा 1958चा मर्चंट शिपिंग अ‍ॅक्ट लागू होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच्या जागी आणलेल्या नव्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. अशा बदलाच्या काळात ‘जुना कायदाच गेला, आता कसला खटला’ म्हणत फाईल बंद करणं ही सगळ्यात मोठी चूक. जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट 1897 हा केंद्रीय कायद्यांचा अर्थ कसा लावायचा ते सांगणारा कायदा. त्याचं कलम 6 हे कोणताही कायदा रद्द होण्याआधीच्या गुन्ह्याची जबाबदारी, शिक्षा, तपास आणि खटला शाबूत ठेवतं. जागी नवा कायदा आला तरी, त्यात उलट हेतू दिसत नसेल तर, हे कलम लागू राहतं, असं सुप्रीम कोर्टाने मोहर सिंग खटल्यात 1954 सालीच सांगितलंय. म्हणून नव्या कायद्यातलं ‘निरसन व व्यावृत्ती’ कलम, म्हणजे जुना कायदा रद्द करताना त्यातलं काय शाबूत राहतं ते सांगणारं कलम, आधी वाचा. ते सहसा अगदी शेवटी असतं.

तक्रारीत सरळ नव्या कायद्याचं कलम टाकलं जातं, तेही महागात पडतं. संविधानाच्या अनुच्छेद 20(1)नुसार कृत्याच्या वेळी जो कायदा अमलात होता त्याखालीच दोषी ठरवता येतं, आणि त्या वेळच्या कमाल शिक्षेहून जास्त शिक्षा देता येत नाही. नवा दंड कितीही योग्य वाटला तरी तो जुन्या गळतीला लावू नका. लिहायचं असं: ‘अमुक तारखेचं कृत्य, त्या दिवशी अमलात असलेल्या कायद्याचं अमुक कलम, सह जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं कलम 6.’ त्या दिवशी कोणता कायदा अमलात होता हे ठरवताना मंजुरीचा दिवस धरू नका. कायदा कधी लागू झाला हे राजपत्रातल्या अधिसूचनेत बघा. जहाज जुन्या कायद्यात बुडालं आणि तेल नव्या कायद्यातही पाझरत राहिलं, तर दोन्ही कालखंड वेगळे मांडा.

कायद्याखाली सरकारने केलेल्या नियमांचं मात्र वेगळं आहे. कोल्हापूर केनशुगर वर्क्स खटल्यात (2000) सुप्रीम कोर्टाने कलम 6चं संरक्षण नियमांना मिळत नाही असं म्हटलं. नुसत्या नियमभंगावर खटला उभा करू नका, मूळ कलमही जोडा.

भरपाई मिळाली म्हणजे गुन्हा मिटला, असंही नाही. 2011 साली मुंबईजवळ बुडालेल्या ‘राक कॅरियर’ जहाजाच्या प्रकरणी पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्ये 100 कोटी रुपयांची भरपाई ठोठावली. फौजदारी शिक्षा ही त्याहून वेगळी बाब.

आणि खटला भरण्याची मुदत. नवा कायदा आला म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून मोजली जात नाही. फक्त दंडाचा गुन्हा असेल तर कोर्टाला दखल घ्यायला सहा महिने, एक वर्षापर्यंत कैदेचा असेल तर एक वर्ष, तीन वर्षांपर्यंतचा असेल तर तीन वर्षं. कोणतं कलम लावायचं या वादात सहा महिने सहज निघून जातात. तोवर तेलाच्या नमुन्याच्या बाटलीवर तारीख, वेळ, ठिकाण, सील आणि पंचांच्या सह्या आहेत ना, एवढं तरी पाहून घ्या. कोणता कायदा लागू होतो, हे कृत्याच्या तारखेवर ठरतं, आणि ती सिद्ध करायला हीच नोंद कामी येते.