प्लॉटिंगमध्ये वीज आणि फायबर: रस्ता करण्याआधीची कामं

लेआउट मंजूर झाला की आधी एकूण लोड, म्हणजे विजेचा भार, किती ते काढा. ४० प्लॉट, प्रत्येकी ५ किलोवॅट म्हणजे २०० किलोवॅट. सगळे एकाच वेळी पूर्ण भार घेत नाहीत. निम्मा धरला आणि पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) ०.९ घेतला, तर सुमारे १११ केव्हीए (ट्रान्सफॉर्मरची क्षमता मोजायचं एकक). १०० चा ट्रान्सफॉर्मर कमी पडतो, २०० चा घ्या. किती वापर धरायचा हे शेवटी महावितरण ठरवतं, म्हणून अर्ज आधी, खरेदी नंतर.

ट्रान्सफॉर्मरची जागा नकाशातच राखा, आणि भाराच्या मध्यावर. कोपऱ्यात ढकलला की टोकाच्या घरांत संध्याकाळी व्होल्टेज पडतं. प्लॉटवरून ११ केव्हीची (११,००० व्होल्टची) उघडी लाइन जात असेल, तर बांधकामापासून आडवं १.२ मीटर आणि उभं ३.७ मीटर अंतर सुटलंच पाहिजे.

खरी गफलत चरात होते. एलटी केबल (घरांना वीज देणारी कमी दाबाची) किमान ७५० मिलिमीटर खोल, ११ केव्हीची ९०० मिलिमीटर. खाली-वर वाळू, वर विटा किंवा फरशी, त्यावर इशारापट्टी. इंटरनेटच्या फायबरसाठी ४० मिलिमीटरचे एचडीपीई डक्ट (टणक प्लास्टिकचे पाइप) वीजकेबलपासून ३०० मिलिमीटर दूर टाका, दोन तरी. एक रिकामा राहिला तरी चालेल. दुसरी कंपनी आली की त्याची किंमत कळते. डक्टमध्ये दोरी ओवून तोंडं बंद करा, नाहीतर पहिल्याच पावसात गाळ बसतो. प्रत्येक रस्ता-क्रॉसिंगला जादा पाइप डांबराआधीच.

काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. चर बुजवण्याआधी खुणांसह फोटो काढा.